एडीचे केस

शनिवारी सकाळी साडेसातला आईचा फोन आला की समजायचं, एकतर घरात कोणी आजारी आहे नाहीतर धाकट्याने काहीतरी करून ठेवलंय. या वेळी सगळे ठणठणीत होते.

"तू आजच्या आज ये बाबा. हा म्हणतोय प्लेसमेंटला बसणार नाही. चित्रं काढणार म्हणे."

"मग काढू दे की."

"कसली चित्रं ते बघितलंयस का? नुसती भुतंखेतं! आणि सोमवारपर्यंत तो फॉर्म भरायचाय. तुझं ऐकतो तो. तूच समजाव."

'तुझं ऐकतो तो' हे आईचं ब्रह्मास्त्र. ते सुटलं की पुढे वाद नाही. झोप काढायची, कपडे लाँड्रीत टाकायचे, एखादा सिनेमा बघायचा वगैरे सगळे बेत गुंडाळले, स्वारगेट गाठलं आणि साताऱ्याची विनाथांबा पकडली.

धाकटा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. साताऱ्यात घरी राहून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करतोय, तिसरं वर्ष. दोन महिन्यांपूर्वी त्याने पुण्यातल्या एका नवख्या मेटल बँडला अल्बमचं कव्हर काढून दिलं. ठरले चार हजार, मिळाले दोन. बाकीचे 'लवकरच'. पण तेवढ्यानेच गडी हवेत. मेटल बँडची कव्हरं काढून पोट भरणार म्हणे!

आता समजवायला निघालोय म्हटल्यावर तयारी हवी. ऑफिसची सवय. बसमध्ये मोबाईलवर मुद्दे काढले. एक, या धंद्यात पैसा नाही. दोन, आता चित्रं एआयच काढतं. तीन, आधी नोकरी, मग छंद. तीन स्लाईड, तीन मुद्दे, मॅनेजर खूश. खंबाटकीचा घाट लागेपर्यंत मी स्वतःवरच खूश होतो.

घाटात मात्र आठवलं, की च्यायला, हे भूत घरात आणलं ते मीच!

*

१ फेब्रुवारी २००८. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचा मुंबईत कार्यक्रम झाला, वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्सच्या मैदानावर. त्यांच्या त्या वर्षीच्या जगभरच्या दौऱ्याची सुरुवातच मुंबईपासून होती. स्वतःचं बोइंग ७५७ घेऊन आले होते आणि ते चालवायला कॉकपिटमध्ये बँडचा गायकच, ब्रूस डिकिन्सन! माझा चुलत दादा तेव्हा मुंबईत शिकत होता. तो गेला, घसा बसवून आला आणि येताना माझ्यासाठी मैदानाबाहेरून एक काळा टी-शर्ट घेऊन आला. मी पाचवीत. टी-शर्ट गुडघ्यापर्यंत.

त्यावर एडी होता. आयर्न मेडनच्या प्रत्येक अल्बमवर असणारं ते भूत. अर्धवट सडलेला चेहरा, सुरकुतलेली कातडी, दात विचकलेले. माझ्या टी-शर्टवरचा एडी भविष्यातल्या एका शहरात उभा होता, अर्धा माणूस अर्धा यंत्र, हातात पिस्तूल. आई म्हणाली, "हे घालून शाळेत गेलास तर बघ." आजीने मात्र चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या माहेरी वेशीवर असाच वेताळ आहे. याला शेंदूर नाही एवढंच. राखण करतो का रे हा?"

मी "हो" म्हटलं. मला तरी कुठे माहीत होतं!

पुढे दादाने एमपीथ्रीची एक सीडी दिली, वर मार्करने नाव लिहिलेली. त्यामुळे गाणी आली पण कव्हरं नाहीत. ती मी सायबर कॅफेतून रंगीत प्रिंट काढून आणायचो, एका पानाला दहा रुपये. खाऊचे सगळे पैसे त्यात. मग त्या प्रिंटवरून वहीत एडी काढायचो. शंभरेक तरी काढले असतील. मांडीवर धाकटा बसलेला असायचा, तीन-चार वर्षांचा. तो रंग भरायचा. एडीला गुलाबी रंग, हिरवा रंग, काय वाट्टेल तो!

इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत मला ए ग्रेड मिळाली. मग अकरावी आली, क्लास आले, सीईटी आली. वह्या माळ्यावर गेल्या. टी-शर्टला भोकं पडली तेव्हा आईने त्याचं फडकं केलं. बरीच वर्षं एडीने आमच्या घरची लादी पुसली. असो.

*

तर हा एडी ज्याने काढला त्याचं नाव डेरेक रिग्ज. आयर्न मेडन माहीत असणारी हजार माणसं भेटतील, एडीचा चेहरा ओळखणारी त्याहून जास्त. रिग्ज हे नाव विचारलंत तर बहुतेक जण खांदे उडवतील. मलाही कॉलेजात जाईपर्यंत माहीत नव्हतं. मी समजत होतो की अशी चित्रं कंपनीच काढते. म्हणजे कुठल्यातरी डिपार्टमेंटमधून येतात, आपल्या पेस्लिपसारखी.

रिग्जचा जन्म १९५८ चा, इंग्लंडमधल्या पोर्ट्समथचा. आर्ट कॉलेजातून त्याला काढून टाकलं होतं, बहुतेक सगळं स्वतःच शिकलेला. सत्तरचं दशक संपत आलं होतं, लंडनमध्ये पंकचं वारं होतं. त्या काळात त्याने एक चित्र काढलं. रात्रीचा रस्ता, दिव्याचा पिवळा उजेड आणि थेट आपल्याकडे बघणारं एक सडकं पोरगं. रणगाड्यावर अडकवलेल्या मुंडक्याचा एक युद्धातला फोटो त्याच्या डोक्यात बसला होता, त्यावरून तो चेहरा सुचला. समाज आपल्या तरुण पिढीचं कसं मातेरं करतोय, असं काहीतरी त्याला सांगायचं होतं. चित्राचं नाव होतं 'इलेक्ट्रिक मॅथ्यू सेज हॅलो'. म्हणजे बघा, मूळचा तो एडी नव्हताच, मॅथ्यू होता!

एडी हे नाव आयर्न मेडनकडे आधीपासून होतं. त्यांच्या स्टेजच्या मागे एक मुखवटा टांगलेला असायचा, त्याच्या तोंडातून लाल रंग उडायचा, बिचाऱ्या ड्रमरच्या अंगावर. लंडनच्या बोलीत 'हेड'मधला ह खाऊन टाकतात, म्हणून हा 'एडी द एड'. थोडक्यात बँडकडे नाव होतं, चेहरा नव्हता. रिग्जकडे चेहरा होता, गिऱ्हाईक नव्हतं.

गाठ घालून दिली एका तिसऱ्याच चित्राने. मॅक्स मिडलटन या जॅझवाल्या कलाकारासाठी रिग्जने काढलेलं एक पोस्टर आयर्न मेडनचा मॅनेजर रॉड स्मॉलवूड याच्या नजरेस पडलं. त्याने रिग्जची बाकीची चित्रं मागवून घेतली आणि त्यात हा मॅथ्यू निघाला. स्मॉलवूडला हवं होतं ते सापडलं. फक्त एक अडचण होती. चित्र फार पंक दिसत होतं आणि बँड तर हेवी मेटल. म्हणून त्याने सांगितलं, याचे केस वाढव.

बस्स. समाजाने वाया घालवलेल्या पिढीबद्दलचं एक चित्र आणि त्यावर क्लायंटचा शेरा, "केस वाढवा."

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ऑफिसात बसून हसलो होतो. आमच्याकडे याला 'मायनर चेंज' म्हणतात. रात्रंदिवस राबून एक मॉड्यूल उभं करावं आणि डेमोला क्लायंटने म्हणावं, "छान आहे, बटण जरा निळं करता येईल का?" फरक इतकाच, की आम्ही चडफडत बटण निळं करतो आणि विसरून जातो. रिग्जने केस वाढवले आणि १९८० च्या एप्रिलमध्ये तो चेहरा 'आयर्न मेडन' या पहिल्याच अल्बमवर झळकला. आणि गंमत पुढेच आहे. १९८३ च्या 'पीस ऑफ माइंड'च्या कव्हरवर रिग्जने त्याच एडीला साखळदंड घातले, डोक्याची शस्त्रक्रिया केली आणि केस पार भादरून टाकले! तीन वर्षांनी का होईना, बटण परत आपल्याला हवं तसं :-)

*

१९८० पासून १९९० पर्यंत आठ स्टुडिओ अल्बम आले. आठांचीही कव्हरं रिग्जची. शिवाय सिंगल्स, लाईव्ह अल्बम, पोस्टरं, टी-शर्ट. दहा वर्षं एकच भूत. कधी कुऱ्हाड घेतलेला खुनी, कधी फॅरो, कधी सैनिक. एखाद्या लेखकाला दहा वर्षं एकाच पात्रावर लिहायला सांगून बघा.

आणि हे सगळं डेडलाईनमध्ये. १९८१ मध्ये 'पर्गेटरी' नावाच्या सिंगलसाठी त्याने एक चित्र काढलं. सैतान एका छोट्या एडीला कळसूत्री बाहुलीसारखा नाचवतोय आणि त्या सैतानाच्या दोऱ्या वर एडीच्या हातात. कल्पना कुठली, तर लहानपणी वाचलेल्या डॉक्टर स्ट्रेंजच्या कॉमिकमधली. स्मॉलवूडने पाहिलं आणि म्हणाला, हे सिंगलवर वाया घालवायचं नाही. चित्र कपाटात ठेवलं, सिंगलसाठी दुसरं काढून घेतलं. तेच चित्र १९८२ मध्ये 'द नंबर ऑफ द बीस्ट'चं कव्हर झालं. अमेरिकेत त्यावरून काही धार्मिक मंडळी खवळली, रेकॉर्डी जाळल्या गेल्या. म्हणजे या कव्हरने जगभर नाव काढलं. आणि त्याचं आकाश छापखान्याने चुकवलं होतं! मुळात आकाश काळं होतं, छापून आलं निळं. तसंच ते सोळा वर्षं विकलं गेलं. १९९८ च्या आवृत्तीत चूक दुरुस्त झाली. प्रॉडक्शनमधला बग, सोळा वर्षांनी फिक्स. आमचा सपोर्टवाला हे ऐकून म्हणाला, "इतकी वर्षं गिऱ्हाईकाने तक्रार केली नाही ना? मग तो बग नाही, फीचर आहे."

पण रिग्ज मला खरा आवडतो तो कोपऱ्यांमुळे.

रेकॉर्डचं कव्हर बारा इंच बाय बारा इंच. पोरं रेकॉर्ड लावायची आणि तासभर ते कव्हर हातात घेऊन बसायची. रिग्जला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो कोपऱ्याकोपऱ्यात काहीतरी पेरून ठेवायचा. स्वतःची सही म्हणून त्याने एक चिन्ह बनवलं होतं, तेही लपवायचा. 'पॉवरस्लेव्ह'वर (१९८४) इजिप्तचं भव्य मंदिर आहे, भिंतींवर चित्रलिपी. नीट बघितलं तर त्यात लिहिलंय, 'इंडियाना जोन्स येथे येऊन गेला, १९४१'. सिंहगडावर बदाम कोरणारी आपली मंडळी आठवतात की नाही? एवढा मृत्यूबित्यूचा गंभीर विषय आणि त्यात हा पठ्ठ्या भिंतीवर नाव कोरतोय.

आणि मग १९८६ चं 'समव्हेअर इन टाइम'. माझ्या टी-शर्टवरचं. भविष्यातलं निऑन दिव्यांचं शहर, पुढेमागे पसरलेलं, आणि त्यातली प्रत्येक पाटी म्हणजे एक कोडं. एका पाटीवर बँडच्या जुन्या गाण्याचं नाव, दुसरीवर ते जिथे पूर्वी वाजवायचे त्या पबचं. घड्याळात वाजलेत २३:५८, कारण 'टू मिनिट्स टू मिडनाइट' हे त्यांचं गाजलेलं गाणं. फुटबॉलचा स्कोअर लागलाय, वेस्ट हॅम ७, आर्सेनल ३, कारण बँडचा स्टीव्ह हॅरिस वेस्ट हॅमचा कट्टर भक्त. एका थिएटरला फिलिप के. डिकचं नाव. वर गच्चीवर चक्क बॅटमन. हे सगळं हाताने, कुंचल्याने, सुमारे तीन महिने लागले. आणि या सगळ्या पसाऱ्यात एके ठिकाणी उलट्या, आरशातल्या अक्षरांत त्याने लिहून ठेवलंय, 'हे फारच कंटाळवाणं चित्र आहे'.

त्या ओळीवर माझा फार जीव आहे. आम्ही ज्या प्रोजेक्टवर काम करतो त्याचा कोड पंधरा वर्षं जुना आहे. त्यात एका फाईलमध्ये कोणीतरी कॉमेंट लिहून ठेवलीय, 'हे का चालतं ते मला माहीत नाही. हात लावू नये.' लिहिणारा कधीच सोडून गेला. कोण होता, कुठला होता, कुणाला पत्ता नाही. पण रात्री दीड वाजता ती कॉमेंट दिसली की वाटतं, बरंय, आपल्या आधी इथे एक माणूस बसला होता, वैतागला होता आणि तरी काम पुरं करून गेला होता. क्लायंटला ती कॉमेंट कधी दिसणार नाही. तिचे पैसे कुणाला मिळाले नाहीत. पण त्या अख्ख्या सिस्टीममध्ये तेवढी एक ओळ त्याची स्वतःची आहे.

*

दहा वर्षांनी ते संपलं. १९९२ च्या 'फिअर ऑफ द डार्क'चं कव्हर मेल्विन ग्रँट या दुसऱ्या चित्रकाराने केलं. बँडला नव्या दशकासाठी नवा एडी हवा होता. पुढे २००० मध्ये 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आला तेव्हा कव्हरचा वरचा अर्धा भाग, म्हणजे ढगांतला एडीचा चेहरा, रिग्जचा आणि खालचं शहर स्टीव्ह स्टोन या दुसऱ्याच माणसाने कॉम्प्युटरवर केलेलं. आधी आठही कव्हरं अख्खी. आता अर्धं.

एडी मात्र जोरात आहे. टी-शर्टवर आहे, बिअरच्या बाटलीवर आहे, व्हिडिओ गेममध्ये आहे. तो बँडचा आहे, आता तो कोणीही काढू शकतो, ज्याला बँड सांगेल तो.

ही गोष्ट या धंद्यात नवी नाही. सेपल्टुरा या ब्राझीलच्या बँडला त्यांच्या १९८९ च्या अल्बमसाठी मायकेल व्हेलन या अमेरिकन चित्रकाराचं एक चित्र हवं होतं. रेकॉर्ड कंपनीने ते दिलं दुसऱ्याच बँडला, ऑबिच्युअरीला, आणि यांच्या हातात व्हेलनचंच वेगळं चित्र ठेवलं. ऑबिच्युअरीला गेलेलं चित्र तर मुळात काढलेलं होतं पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी! आज मेटलवाले दोन्ही कव्हरांना डोक्यावर घेतात. आणि क्रिस्टोफ श्पायडेल म्हणून एक आहे, मूळचा बेल्जियमचा. मेटल बँडची नावं झाडाच्या मुळ्यांसारखी गुंतवून लिहितात ना, कुणाला वाचताच येत नाहीत, ती काढणाऱ्यांतला बादशहा. त्याने असे हजारो लोगो काढलेत. आणि शिक्षण काय? इंजिनिअर. वनशास्त्रातला!

म्हणजे माझे मुद्दे भक्कमच होते. रिग्जचं आख्खं आयुष्य माझ्याच बाजूने साक्ष देत होतं. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या भुताचा बाप, तरी ही गत. साताऱ्याच्या पोराचं काय होणार? बस स्टँडवर उतरलो तेव्हा माझी केस एकदम पक्की होती.

*

जेवण झाल्यावर गच्चीवर गेलो. धाकटा टॅबलेट घेऊन बसलाच होता. आई जिन्याच्या खालच्या पायरीवर काहीतरी निवडायला बसली. निवडत काही नव्हती.

पहिला मुद्दा मांडला. तो म्हणाला, "माहितीये. दोन हजार अजून यायचेत."

दुसरा मुद्दा मांडला. "आता चित्रं एआय काढतं."

"दादा, कोड पण काढतो ना तो?"

पुढची दोन मिनिटं मी अजिंक्यताऱ्याकडे बघत होतो.

मग रिग्जची गोष्ट सांगितली. केसांपासून अर्ध्या कव्हरपर्यंत सगळी. त्याने शांतपणे ऐकून घेतली. मला वाटलं, लागला निशाणा. तर म्हणतो, "यातलं मला सगळं माहितीये. तूच सांगितलंयस, मी सातवीत असताना. तेव्हा तू हे दुःखाची गोष्ट म्हणून नव्हता सांगितलं."

आणि त्याने मला त्याचं कव्हर दाखवलं. पहिल्यापासून, एकेक टप्पा. बँडचं म्हणणं होतं, एक राक्षस हवा. याने वेशीवरचा राखणदार काढला, दगडी, शेंदूर थापलेला, डोळे चांदीचे. बँड म्हणालं, शेंदूर नको, फार देवाधर्माचं वाटतं. याने शेंदराच्या जागी गंज चढवला. मग म्हणाले, डोळे लाल कर. मग म्हणाले, मागे कवट्या टाक, मेटल वाटत नाहीये. मग म्हणाले, कवट्या जास्त झाल्या. सात वेळा बदललं. फाईलचं नाव 'फायनल_खरंच फायनल_३'. हे मात्र अगदी आमच्यासारखंच.

"वैताग नाही आला?"

"आला ना. तिसऱ्या वेळी रडलो. पण कवट्या काढल्या तेव्हा मागचं आभाळ मोकळं झालं. ते मला आधी सुचलंच नव्हतं."

मी चित्र बोटांनी मोठं करून बघत होतो. सवय, कोपरे बघायची. राखणदाराच्या कमरेला एक शेला होता आणि शेल्यात काहीतरी खोचलेलं. आणखी मोठं केलं. अडकित्ता होता. पितळी, मोराच्या आकाराचा, एका बाजूचा पंख तुटलेला.

आमच्या आजीचा अडकित्ता. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तो पंख मीच तोडला होता, लहानपणी बदाम फोडताना.

"हा त्यांनी बदलायला नाही सांगितला?"

"त्यांना दिसलाच नाही," धाकटा म्हणाला.

माझा तिसरा मुद्दा तसाच मोबाईलमध्ये राहिला. आधी नोकरी, मग छंद. हा मुद्दा मला चांगला पाठ आहे, कारण गेली सात वर्षं मी तोच जगतोय. नोकरी झाली. छंदाचा नंबर अजून लागायचाय.

*

बाबांना सांगायचं अवघड काम राहिलं होतं. ते पोस्टात बत्तीस वर्षं होते, नुकतेच रिटायर झालेत. रात्री शतपावली घालताना गाठलं. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून तिकिटांपासून केली. म्हटलं, २०२३ मध्ये ब्रिटनच्या रॉयल मेलने या आयर्न मेडनवर टपाल तिकिटं काढली. त्यात त्या भुताचीसुद्धा आहेत.

बाबा थांबले. "भुताचं तिकीट? राणीच्या छबीसकट?"

"हो."

बराच वेळ काही बोलले नाहीत. पोस्टाच्या माणसाला तिकीट ही काय चीज आहे ते आपल्याला कळणार नाही. मग म्हणाले, "आणि तो चित्रकार? त्याला काय मिळालं?"

इथे खोटं बोलून भागलं नसतं. मी म्हटलं, "दहा वर्षं काम मिळालं. मग नाही मिळालं. नंतर थोडंफार मिळालं. पण तो चेहरा त्याचाच आहे, हे ज्यांना बघायचंय त्यांना दिसतं."

"एवढ्यावर माणूस जगतो?"

"एवढ्यावर नाही जगत, बाबा. पण तो डिग्री पुरी करणार आहे. प्लेसमेंट नाही करत म्हणतोय. एक वर्ष मागतोय. त्या वर्षाचं भाडं मी देईन. तो म्हणतो कर्ज म्हणून घेईन."

बाबांनी दोन फेऱ्या मारल्या. मग एकदम म्हणाले, "तू पण चांगली काढायचास. का सोडलंस?"

"तुम्ही कुठे सांगितलं होतं सोडायला? बारावी होती, राहून गेलं."

"सोड म्हणून नव्हतं सांगितलं," बाबा म्हणाले. "पण काढ म्हणूनही नव्हतं सांगितलं."

आणि आत निघून गेले.

*

सोमवारी फॉर्मची मुदत संपली. धाकट्याने भरला नाही. आई माझ्याशी दोन दिवस जेवढ्यास तेवढं बोलत होती. बरोबर केलं का चूक, हे मी इथे छातीठोकपणे लिहू शकत नाही. वर्षभराने कदाचित तो म्हणेल की दादा, तू मला त्या दिवशी दोन थोबाडीत का नाही दिल्यास? तेव्हा काय उत्तर द्यायचं ते मी अजून शोधतोय. रिग्जची गोष्ट ही काही यशाची गोष्ट नाही. तशी अपयशाचीही नाही. ती कामाची गोष्ट आहे, आपल्या सगळ्यांच्या असते तशीच. वस्तू दुसऱ्याची, तारीख दुसऱ्याची, केस किती लांब ठेवायचे तेही दुसराच ठरवणार. त्यात अडकित्ता खोचायला जागा सापडली तर ती आपली. मला कोडमध्ये ती क्वचित सापडते. धाकट्याला पहिल्याच कामात सापडली.

बुधवारी रात्री त्याचा फोन आला. उरलेले दोन हजार जमा झाले होते. शिवाय दुसऱ्या एका बँडनेही विचारलंय.

"अरे वा! काय हवंय त्यांना?"

पलीकडून मोठा उसासा ऐकू आला.

"काय सांगू दादा... म्हणाले, कव्हर छान आहे, पण आम्हाला जरा एडीसारखं काहीतरी दे. आणि केस लांब हवेत."